भाकरीत सोडा नसतो : प्रकाशाच्या चुलीजवळचं विज्ञान

हा भाग मी पुण्यातून नाही, गावाकडून रेकॉर्ड केलाय. गाव म्हणजे प्रकाशा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं मंदिर, दक्षिण काशी म्हणून ओळख. ऐकताना मागे अधूनमधून कुकरची शिट्टी येते, ती शेजारची आहे. आमच्या कुकरची शिट्टी काढून ठेवलेली होती, आणि ती का, हे पुढे येईलच. बोलताना मी काही ठिकाणी फार भरकटलोय, तेवढं लिहिताना कमी केलंय. आणि जिथे नुसतं ऐकून कृती कळणार नाही, तिथे दोन वाक्यं जास्त घातली आहेत.

विषय असा, की लहान मुलांना बेकिंगमधून विज्ञान शिकवायचं. इंटरनेटवर याचे ढिगाने व्हिडिओ सापडतात. स्वच्छ पांढरं किचन, काचेच्या दाराचा ओव्हन, त्यात फुगत जाणारे कपकेक, आणि समोर टाळ्या वाजवणारी दोन मुलं. मला ते आवडतात, खोटं कशाला बोला. वर्क फ्रॉम होम घेऊन महिनाभर घरी आलो तेव्हा माझ्या डोक्यात तेच होतं. भाची पाच वर्षांची, तिसरीतला भाचा, आणि गल्लीतली चार-पाच पोरं. म्हटलं, रविवारी दुपारी सगळ्यांना बसवू, केक करू, कार्बन डायऑक्साइड समजावून सांगू. बीटेकवाल्या मामाचा तेवढा तरी उपयोग व्हायला पाहिजे ना.

घरात ओव्हन नाही. मग जुना मोठा कुकर काढला. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण इथे चूक झाली तर ती महागात पडते. कुकरची रबरी रिंग काढायची, शिट्टी काढायची, आत पाणी अजिबात घालायचं नाही. तळाला दीड-दोन वाट्या जाडं मीठ किंवा कोरडी वाळू पसरायची, त्यावर एक स्टँड. झाकण नुसतं टेकवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्यायचं, मग भांडं आत ठेवून आच बारीक करायची. रिंग आणि शिट्टी काढायची कारण आत दाब साठायला नको, आपल्याला फक्त गरम हवेची पेटी हवी आहे. रोजच्या वापरातला चांगला कुकर यासाठी घेऊ नका, कोरडा तापवून तो खराब होतो. आणि हे सगळं मोठ्या माणसाने करायचं. मुलं चुलीपासून, गॅसपासून हातभर लांब. हा नियम मी पहिल्याच दिवशी जमिनीवर खडूने रेघ मारून केला. त्या दिवसापुरता तरी तो टिकला.

पहिला केक बसला. म्हणजे आधी फुगला आणि मग बसला. दहाव्या मिनिटाला पोरांनी "दादा, बघू दे ना, बघू दे ना" लावलं आणि मी झाकण उघडलं. गार हवा आत गेली, मधला भाग खचला. पीठ शिजून त्याचा सांगाडा घट्ट व्हायच्या आधीच आतले गरम वायू आकसले, की असं होतं. पण हे मला नंतर समजलं. तेव्हा मी काय केलं? दुसऱ्या रविवारी सोडा वाढवला, दूध कमी केलं, रव्याच्या जागी कणीक घेतली, आच बदलली आणि भांडंही बदललं. तो केकही बिघडला, आणि कशामुळे ते सांगता येईना. ऑफिसमध्ये कुणी एकाच वेळी पाच बदल करून शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय केलं तर मी त्याला फाडून खाईन. इथे मी स्वतः तेच करत होतो, तेही मुलांसमोर, विज्ञान शिकवतोय म्हणून.

खरी गोष्ट घडली ती याच दुसऱ्या रविवारी. मी मुलांना सांगत होतो, की सोड्यातून कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो आणि तो पिठाला फुगवतो, म्हणून भाजलेले पदार्थ फुगतात. गल्लीत सहावीतली एक मुलगी आहे. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून ती त्याच्याबरोबर यायची, स्वतः दारातच बसायची. आईवडील मजुरीला जातात, सकाळच्या भाकरी तीच थापते. ती एकदम म्हणाली, "दादा, पण भाकरीत सोडा कुठं असतो?"

मी गप्प. कारण नसतो. ज्वारीच्या भाकरीत पीठ आणि पाणी, फार तर मीठ. तरी ती टम्म फुगते. मी घाईत सगळ्यालाच एक नियम लावून टाकला होता. म्हटलं, "मग तू सांग, कशाने फुगते?" ती लाजली. म्हणाली, "वाफेनं. भोक पडलं का हात भाजतो ना."

हिला शाळेत विज्ञानात जेमतेम मार्क आहेत. वहीत 'कार्बन डायऑक्साइडचे उपयोग' पाच मुद्द्यांत सुवाच्य अक्षरात लिहिलेत, आणि तिला ते पाठही नाहीत. पण रोज दहा-बारा भाकरींचं निरीक्षण तिच्याकडे कित्येक महिन्यांचं साठलंय. ते विज्ञान आहे हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. मी तर कपकेक दाखवत होतो.

त्या दिवसानंतर आमचा अभ्यासक्रमच बदलला. केक राहिला, पण दुसऱ्या नंबरवर. पहिला प्रश्न हा ठरला : भाकर कशाने फुगते आणि केक कशाने फुगतो, हे ओळखायचं कसं?

हे ओळखायची साधनं घरातच आहेत. भाकर फुगली की तिला काडीने बारीक भोक पाडायचं (हे काम मोठ्यांचं) आणि त्यासमोर गार स्टीलची ताटली धरायची. ताटलीवर दव जमतं, बोट फिरवलं की ओलं. म्हणजे पाण्याची वाफ. आता दुसरीकडे, खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा. वरचं नितळ पाणी हळूच ओतून घेतलं की झाली चुन्याची निवळी. एका बाटलीत लिंबाचा रस, त्यात सोडा, आणि बाटलीच्या तोंडाला बसवलेल्या नळीचं दुसरं टोक निवळीत. बुडबुडे जातात आणि निवळी दुधासारखी पांढरी होते. हा कार्बन डायऑक्साइड. नुसत्या पाण्याच्या वाफेने ती दुधाळ होत नाही. एक सांगतो, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट. निवळी तयार करणं, ओतणं हे मोठ्यांनीच करायचं, आणि त्याची भांडी स्वयंपाकात परत घ्यायची नाहीत.

थोडा हिशोबही सांगतो, कारण मला तो भयंकर आवडला. चहाचा एक चमचा सोडा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. त्याला पुरेसं आंबट मिळालं, दोन-तीन लिंबं तरी लागतील, तर त्यातून जवळजवळ दीड लिटर वायू निघतो. आणि तोच एक चमचा पाणी घ्या, ५ मिलिलिटर. त्याची पूर्ण वाफ झाली तर ती होते साधारण ८ लिटर! पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे-सतराशे पट वाढतं. भाकरीच्या दोन पापुद्र्यांत चमचाभर पाणी अडकलं तरी ती फुटबॉल का होते, हे यातून कळतं. पाच वर्षांच्या भाचीला हे आकडे सांगायची गरज नाही. तिला मी पाण्याच्या आठ बाटल्या एका ओळीत मांडून दाखवल्या आणि समोर एक चमचा ठेवला. तिने दोन्हींकडे बघितलं आणि "खोटं" म्हणाली. वैज्ञानिक वृत्ती म्हणतात ती हीच असावी.

वयाचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना 'का' समजावून सांगायला जाऊ नका. त्यांना मोजू द्या, ओतू द्या, वास घेऊ द्या. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. पसरट भांड्यातलं पाणी मुलासमोरच उंच ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता पाणी जास्त झालं का? साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं 'हो' म्हणतात. आमच्याकडे हाच प्रयोग न ठरवता झाला. एक वाटी पीठ उंच ग्लासात ओतलं तर भाची म्हणाली, वाढलं. मी परत वाटीत ओतलं, ती म्हणाली, कमी झालं. तिसऱ्यांदा मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच ग्लास माझ्या हातातून घेतला. पुढची वीस मिनिटं ती तेच करत बसली. तिचा त्या दिवसाचा तास तेवढाच. बाकीच्यांचं प्रयोग, निष्कर्ष वगैरे चाललं होतं, हिचं पीठ इकडून तिकडे. अर्धं जमिनीवर. चालायचंच.

आता केकचा प्रयोग, नीट केलेला. चार सारख्या स्टीलच्या वाट्या. प्रत्येकीत चार मोठे चमचे कणीक, दोन चमचे पिठीसाखर, एक चमचा तेल, आणि चिमूटभर हळद. हळद का, ते थांबा. पहिल्या वाटीत सोडा आणि दही. दुसरीत सोडा आणि दूध, म्हणजे आंबट काही नाही. तिसरीत दही, सोडा नाही. चौथीत फक्त दूध. सोडा प्रत्येकी दोन चिमटी, एकाच माणसाच्या. चिमटी माणसागणिक बदलते, हे पोरांनीच शोधून काढलं आणि त्यावरून भांडण झालं. सगळ्या वाट्या एकाच वेळी कुकरमध्ये, म्हणजे आच सारखी, वेळ सारखा. आणि ठेवायच्या आधी प्रत्येकाने वहीत चित्र काढायचं : कुठली वाटी किती फुगेल. ही पायरी सोडू नका. अंदाज आधी कागदावर उतरला नाही तर नंतर सगळेच म्हणतात "मला माहीतच होतं". मोठी माणसंसुद्धा.

अर्धा तास झाकण उघडायचं नाही. या वेळी मी कुकरसमोर पहारा दिला.

निकाल : पहिली सगळ्यात उंच आणि जाळीदार. तिसरी आणि चौथी बसकी, शिऱ्याच्या वडीसारखी. दुसरी मात्र गंमत. ती थोडी फुगली, कारण सोडा नुसत्या उष्णतेनेही फुटतो, ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वायू सोडायला लागतो. पण तिचा रंग लालसर तांबडा, आणि चव साबणासारखी. भाचा म्हणाला, "लाल झाला म्हणजे जळला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, जळला असेल तर कसं कळेल? बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण म्हणाला, "आतून बघू. जळतं ते खालून जळतं." कापून पाहिलं, आतूनही तसाच लाल. म्हणजे जळला नाही. मग दारातल्या त्या मुलीने, आता ती दारात नव्हती, चटईवर आली होती, लिंबाची फोड घेतली आणि त्या तुकड्यावर पिळली. तिला का सुचलं कोण जाणे. रस पडला तिथे तुकडा परत पिवळा!

इथे माझी मोठी माय, म्हणजे आजी, खाटेवरून बोलली. इतका वेळ ती झोपलीय असं आम्ही समजत होतो. "सोडा जास्ती पडना म्हनीसन लाल व्हयना तो. बट्टी बी तशीच व्हस." झालं. माझ्या स्लाइडवर जे येणार होतं ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं.

हळद ही सूचक आहे. आम्ल असेल किंवा काहीच नसेल तर पिवळी, अल्कली आलं की लाल. कपड्यावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, तो हाच प्रकार. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, तेही हेच. केकमध्ये दह्याने सोड्याला पुरतं संपवलं तर हळद पिवळी राहते. दही नसलं तर उष्णतेने सोड्याचं रूपांतर धुण्याच्या सोड्यात होतं, म्हणजे सोडियम कार्बोनेटमध्ये. ते जास्त अल्कली, म्हणून लाल, म्हणून साबणाची चव. म्हणजे आपला केक स्वतःच सांगतो की आतला सोडा संपला का उरला. लिटमस पेपर घ्यायला शहाद्याला जायला नको.

बट्टीचं नाव निघालं म्हणून. खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी : गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, हळद, किंचित सोडा, तेलाचं मोहन. गोळे करून आधी उकडतात, मग कापून तळतात, किंवा थेट गोवऱ्यांच्या आरात भाजतात. वरणाबरोबर कुस्करून वर तूप. आता यात मला जे विज्ञान दिसलं ते कुठल्याही कपकेकमध्ये दिसलं नसतं. उकडलेली बट्टी कितीही वेळ पाण्यात ठेवा, ती तपकिरी होत नाही. तेलात गेली की पाच मिनिटांत खरपूस. मुलांना विचारलं, का? उत्तरं आली : तेल जास्त गरम असतं, तेलाचा रंग लागतो, पाणी रंग धुऊन टाकतं. तिन्ही अंदाज वहीत लिहिले. 'तेलाचा रंग लागतो' हा खोडायला एकच उपाय, तेलाशिवाय भाजून बघायचं. आरातली बट्टी तेल न लागताही तपकिरी झाली. म्हणजे तो गेला.

उरलं ते तापमान. पाणी आपल्याकडे १०० अंशांच्या आसपास उकळतं आणि पाणी असेपर्यंत तापमान त्याच्या वर सरकत नाही, कितीही जाळ लावा. खरपूस रंग आणि तो भाजल्याचा वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. तिथे पिठातली प्रथिनं आणि शर्करा एकमेकांशी जुळून शेकडो नवे पदार्थ बनवतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. आपल्या भाषेत उकडणं, भाजणं आणि तळणं हे वेगवेगळे शब्द आहेत, त्यातला भेद खरं तर हाच आहे. बेकिंग म्हणजे काय विचारलं तर मी आता 'भाजणं' एवढंच सांगतो. ओव्हनचं नाव काढत नाही.

आणि खापर! खापरावरच्या पुरणपोळीशिवाय हा भाग संपवला तर गावात परत येता येणार नाही. चुलीवर पालथं मातीचं खापर, आणि त्यावर हातावर फिरवून फिरवून पसरवलेली, कोपरापर्यंत येणारी पुरणपोळी, म्हणजे मांडा. पोळपाट नाही, लाटणं नाही. लहानपणापासून पाहतोय, पण ती फाटत का नाही हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

प्रयोग विस्तवाशिवायचा आहे, म्हणून सगळ्यात लहानांनाही चालतो. एक गोळा कणकेचा, एक ज्वारीच्या पिठाचा. दोन्ही घट्ट मळून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचे. मग दोन घमेल्यांत पाणी घेऊन एकेक गोळा पाण्यात हळूहळू चोळायचा. पाणी पांढरं होत जातं, तो स्टार्च. ज्वारीचा गोळा विरघळून पूर्ण नाहीसा होतो, हातात काहीच उरत नाही. कणकेचा मात्र हातात उरतो, एक करडा, च्युइंगमसारखा ताणला जाणारा लगदा. हे ग्लूटेन. गव्हातली दोन प्रथिनं पाणी मिळाल्यावर एकमेकांत गुंतून ही जाळी बनवतात. मांड्याची कणीक इतकी वेळ का तिंबतात, मुरवत का ठेवतात, ते हातात धरून कळतं. आणि केकला जाळी का पडते तेही : वायूचे बुडबुडे धरून ठेवायला असला काही तरी ताणणारा पडदा लागतो.

ज्वारीत ही जाळी नाही. मग भाकर थापताना फाटत का नाही? इथे परत तीच मुलगी कामाला आली. "उकळतं पाणी टाकायचं. जुनं पीठ असलं, विरी गेलेलं, तर जास्तच." बरोबर. गरम पाण्याने पिठातल्या स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात, आणि ग्लूटेनचं काम थोडंफार तो चिकटपणा करतो. आम्ही एक गोळा गार पाण्यात आणि एक गरम पाण्यात भिजवला. गार पाण्यातली भाकर थापताना कडेने तडकत गेली. थापली अर्थात तिनेच. माझी पहिली भाकर महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली, कोकणपट्टीसकट.

मध्येच एक आठवलं ते सांगून टाकतो. आमच्या गावात नदीकाठी जुनं पांढरीचं टेकाड आहे. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी, रंगवलेली मातीची भांडी निघाली. मातीला भाजलं की ती परत चिखल होत नाही, हेही याच वर्गात मोडतं ना? मुलांनी चिखलाची एक वाटी उन्हात वाळवली आणि एक आरात भाजली, दोन्ही पाण्यात टाकल्या. एक विरघळली, एक राहिली. खरं तर आरातली दोनदा फुटली, तिसऱ्यांदा जमलं. ओली वाटी आरात गेली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फोडून बाहेर पडते. परत तीच वाफ.

हे सगळं मी शोधलंय असा आव आणायचा नाही. हाताने काम करत शिकायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिचा गाभा हाच. आमच्या सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १६ शाळांत सुरू झाला. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करायची, निष्कर्ष स्वतः काढायची, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची. कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. तो पुढे शेकडो शाळांत पसरला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. आणि पाबळचा विज्ञान आश्रम, पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला. ते मुळात अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ, परदेशातून डॉक्टरेट करून आलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले. ते सोडून ते कोरडवाहू गावात गेले. तिथल्या शिक्षणात शेती, वेल्डिंग, वायरिंग यांच्या बरोबरीने घर आणि आरोग्य हाही विभाग आहे, त्यात अन्नपदार्थ बनवणं, रक्त तपासणं वगैरे. स्वयंपाकघर तिथे प्रयोगशाळेच्या यादीत आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कारण आपल्याकडे अडचण तीच आहे. भाकर थापणं हे 'घरकाम', आणि टेस्ट ट्यूब हे 'विज्ञान'. भाकर थापणारी मुलगी घरकामात हुशार आणि विज्ञानात कच्ची, असा शेरा दोन्हीकडून बसतो. एक शंका मात्र मला अजून सतावते. तिने भाकरीवर प्रयोग केले, छान. पण त्यामुळे 'हिला स्वयंपाकातच गोडी आहे' असं घरचे म्हणाले तर? मी तिच्या आईशी बोललो. मावशी हसल्या, म्हणाल्या, "तिला तर भाकरीचा कंटाळा येतो, पन तुमच्याकडं आली का रात्री भावाला सांगत बसते, याची वाफ, त्याची वाफ." पुढच्या वेळी मी मुलांना काम वाटून दिलं. मोजणं, नोंदी आणि घड्याळ तिच्याकडे, थापणं मुलांकडे. मुलांच्या भाकरी बघवत नव्हत्या. नोंदी मात्र पहिल्यांदाच नीट झाल्या.

तुम्ही घरी करणार असाल तर दोन-तीन गोष्टी. पदार्थ उरतोय एवढा करू नका, वाटीभर पुरे. प्रयोगाच्या नावाखाली पीठ फुकट गेलं की घरातली मोठी माणसं विरोधात जातात, आणि त्यांचं बरोबर असतं. इथे पोरं भुकेली येतात, म्हणून आमचा नियम : चुन्याचे सोडून सगळे प्रयोग खायचे, साबणाच्या चवीचासुद्धा एक घास. कच्चं पीठ मात्र चाटू देऊ नका. उन्हाळ्यात यीस्टचे प्रयोग करणार असाल तर आमच्या भागात जपून. यीस्टला तिशीतलं तापमान मानवतं, मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर, पीठ तासाभरात भांड्याबाहेर येतं आणि आंबट होतं. आणि उत्तर सांगायची घाई करू नका. हे मला अजून जमत नाही. मोठ्या मायला त्याहून जमत नाही.

शेवटच्या रविवारी त्या मुलीने स्वतःचा प्रश्न आणला होता, वहीत लिहून. भाकर तव्यावर टाकल्यावर वरून पाणी का फिरवायचं? मी सांगू शकलो असतो. अंदाजाने, की पाण्याने वरचा थर पटकन वाळत नाही, त्यातला स्टार्च शिजून अखंड पापुद्रा होतो आणि वाफ बाहेर जाऊ शकत नाही. पण तिने पुढे लिहिलं होतं : 'अर्ध्या भाकरीला पाणी लावायचं, अर्धीला नाही.' सगळ्यांनी चित्रं काढली. बहुतेकांच्या चित्रात अर्धी भाकर फुगलेली, अर्धी सपाट. तिच्याही. अशा तीन भाकरी केल्या. कोरड्या बाजूला बारीक भेगा पडल्या, आणि दोन भाकरी अजिबात फुगल्या नाहीत, ओल्या बाजूनेही नाही. तिसरीला कडेला लिंबाएवढा फुगा आला. ती बराच वेळ त्या भेगांकडे बघत बसली. मग तिने चित्र न खोडता त्याच्या शेजारी दुसरं काढलं, त्यात भेगेतून बाहेर जाणारा एक बाण. तिसरी भाकर तेवढ्यात तिच्या भावाने खाल्ली होती, त्यामुळे तिचं माप नोंदीत नाही.